पापाचे वेगळे पडतील

झाड तोडायला कुऱ्हाड लागते, असा माझा बरीच वर्षं समज होता. कुऱ्हाड सगळ्यात शेवटी लागते. आधी सर्वसाधारण सभा लागते, ठराव लागतो, सूचक-अनुमोदक लागतात, मालमत्ता कराची पावती लागते, झाडाचे चारही बाजूंनी काढलेले फोटो लागतात. आणि या सगळ्याच्याही आधी ‘हे झाड तोडा’ एवढं वाक्य स्वतःच्या तोंडाने म्हणणारा एक माणूस लागतो. आमच्या चोवीस बिऱ्हाडांच्या सोसायटीत बाकी सगळं मिळालं. माणूस मिळेना.

कारण झाड उंबराचं होतं.

आंबा असता तर लोकांनी आधी कैऱ्या वाटून घेतल्या असत्या आणि मग निवांत तोडला असता. गुलमोहर असता तर प्रश्नच नव्हता. तो मूळचा मादागास्करचा, मुळं उथळ, लाकूड ठिसूळ. पहिल्या जोरदार वळवात आपणहून आडवा होतो आणि कुणाच्या माथी पाप येऊ देत नाही. (साताऱ्याची मंडळी दर 1 मे रोजी गुलमोहर दिन साजरा करतात. त्यांनी हे वाक्य वाचलं नाही असं समजावं.) पण उंबर म्हणजे औदुंबर, औदुंबर म्हणजे दत्तगुरू, आणि दत्तगुरूंना नोटीस कोण बजावणार? एरवी देवाधर्माची टर उडवणारी माणसंसुद्धा उंबराचा विषय निघाला की छताच्या पंख्याकडे बघू लागत. त्यात मीही होतो. आमच्या हॉलचा पंखा कोणत्या कंपनीचा आहे, हे मला त्या काळात समजलं.

आमचा उंबर फाटकाच्या उजव्या हाताला होता. बुंधा दोघांच्या कवेत न मावणारा. इमारत 1987 ची, उंबर तिच्या कितीतरी आधीचा. बिल्डरने तो का ठेवला याच्या दोन कथा आहेत. चेअरमन म्हणतात, श्रद्धेने ठेवला. खजिनदार म्हणतात, श्रद्धा कसली, तोडायला आलेल्या मजुरांनी करवत टाकून पळ काढला. मला खजिनदारांची कथा पटते, कारण नकाशात दाखवलेली बाग त्याच बिल्डरने कसलीही श्रद्धा न ठेवता विकून टाकली होती.

उंबर हे फार कामसू झाड. हंगाम वगैरे त्याला मान्य नाही. वर्षातून अनेकदा थेट बुंध्यावर आणि जाड फांद्यांवर घोसच्या घोस लागतात, लाल होतात आणि पडतात. पडायला त्यांना नुकतीच झाडलेली जागा लागते. झाडूवाल्या मावशी फाटकापासून झाडत झाडत जिन्यापर्यंत पोचल्या की मागे पुन्हा सडा. फळ फुटलं की आतून चिलटाएवढ्या माश्या बाहेर. तळमजल्यावर वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक राहतात. त्यांनी एकदा मला फाटकातच उभं करून सांगितलं, की उंबराची फुलं फळाच्या पोटात असतात. ती चिमुकली माशी बारीकशा भोकातून आत शिरते, तिथे अंडी घालते, येताना आणलेले परागकण पोचवते आणि बहुतेक वेळा आतच प्राण सोडते. ती नसेल तर उंबराला बी धरत नाही, आणि उंबर नसेल तर तिला घर नाही. हे सांगताना सरांचा आवाज भरून आला होता. माझ्या हातातल्या पिशवीतलं दूध तोवर नासलं.

या झाडाखालची पार्किंगची जागा सोसायटीत सर्वोत्तम मानली जाई, कारण सावली. चिठ्ठ्या टाकून ती दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना लागली तेव्हा त्यांनी पेढे वाटले होते. मग काकांनी नवी गाडी घेतली. पांढरी. आणि त्यांच्या मते झाड त्या दिवसापासून नेम धरू लागलं. दिवसा पक्षी, रात्री वटवाघळं. रोज सकाळी काका बनियनवर खाली यायचे, गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालायचे आणि जे बोलायचे ते गुरुचरित्रात नाही.

“सर, हे बघा!” एकदा त्यांनी प्राध्यापकांना हाताला धरून आणलं. “हे हिरवे पारवे. रोज! थव्याने!”

सरांनी वर पाहिलं आणि ते गहिवरले. “अहो, हरियल! महाराष्ट्राचा राज्यपक्षी!”

“राज्यपक्षी असो नाहीतर राष्ट्रपक्षी. काच कोण पुसणार?”

“भाग्य लागतं हो, काका.”

“मग तुमची गाडी लावा इथे.”

सरांकडे गाडी नव्हती. पर्यावरणावर निर्मळ मनाने बोलायचं तर हा फार मोठा फायदा असतो.

मेच्या अखेरीस वळीव आला आणि उंबराची एक चांगली मांडीएवढी फांदी काकांच्या बॉनेटवर आली. विम्याच्या माणसाने येऊन फोटो काढले आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘दैवी आपत्ती’. हे ऐकताच पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी हात जोडले. “बघा! विमावालेसुद्धा मानतात.” काकू दर पौर्णिमेला एसटीने नरसोबाच्या वाडीला जातात आणि येताना सगळ्यांना प्रसादाचे पेढे देतात; त्यामुळे सोसायटीत त्यांच्या विरुद्ध कुणी बोलत नाही.

गच्चीवर विशेष सर्वसाधारण सभा भरली. विषयपत्रिकेत लिहिलं होतं, ‘फाटकालगतच्या वृक्षाबाबत विचारविनिमय करणे’. उंबर हे नाव घ्यायचं सेक्रेटरींनी टाळलं होतं. सभेतही प्रत्येक जण ‘तोडण्यात यावं’, ‘काढलं जावं’, ‘विचार व्हावा’ असंच बोलत होता. कर्ता व्हायला कुणी तयार नव्हतं. इतकी शुद्ध कर्मणी मराठी मी शाळा सुटल्यापासून ऐकली नव्हती.

काकूंनी सुरुवातीलाच गुरुचरित्रातली कथा सांगितली. नृसिंहाने हिरण्यकश्यपूचं पोट फाडलं, त्याच्या पोटातल्या विषाने देवाच्या नखांचा दाह होऊ लागला, तेव्हा लक्ष्मीने उंबराची फळं आणून दिली, देवाने त्यांत नखं रोवली आणि दाह शमला. सगळे गप्प. गाडीवाल्या काकांनीसुद्धा नखं पाहिली.

“तर असं झाड आहे हे,” काकू म्हणाल्या. “मी काही तोडा म्हणायची नाही.”

“बरोबर आहे, काकू.”

“पण तुम्ही तोडलंत तर मी आडवी येणार नाही. माझ्या बेडरूममध्ये डास फार येतात.”

मग तिसऱ्या मजल्यावरची, कॉलेजात जाणारी मुलगी उठली. 1974 साली उत्तराखंडातल्या रैणी गावात गौरादेवींनी बायकांना बरोबर घेऊन झाडं कशी वाचवली, ते तिने सांगितलं. ती फार चांगलं बोलली. करवत आली तर मी झाडाला मिठी मारेन, असंही म्हणाली. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी तिने सरावासाठी मिठी मारून पाहिली. चिपकोच्या इतिहासात मुंगळ्यांबद्दल फारसं लिहिलेलं नाही. हात सुजला तरी तिने मत बदललं नाही, हे मात्र मला तिच्याबद्दल मनापासून आवडलं. सबंध प्रकरणात जे सभेत बोलली तेच फाटकात बोलणारी ती एकटी होती.

तिच्या मागे उभे राहिले ते सगळे मागच्या बी विंगचे. त्यांच्या दारात फळं पडत नव्हती, खिडकीत डास येत नव्हते, त्यांच्या ड्रेनेजच्या चेंबरमध्ये उंबराची मुळं शिरली नव्हती. झाडावरचं प्रेम झाडापासूनच्या अंतराबरोबर वाढत जातं, हे त्या रात्री सिद्ध झालं. शेजारच्या सोसायटीने तर पाठिंब्याचं पत्रच पाठवलं.

खजिनदारांनी तोवर मोबाइलवर काहीतरी शोधलं होतं. ते चष्मा कपाळावर चढवून उठले. “2021 साली सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने झाडाची किंमत काढली आहे. वर्षाला चौऱ्याहत्तर हजार पाचशे रुपये, गुणिले झाडाचं वय. त्यातला ऑक्सिजनच पंचेचाळीस हजारांचा.” मग त्यांनी वय साठ धरून गुणाकार केला. चव्वेचाळीस लाख सत्तर हजार. गच्चीवर शांतता पसरली. इतका वेळ ज्याच्याकडे कचरा म्हणून पाहत होतो तो एकदम नातेवाइकांतला श्रीमंत मामा वाटू लागला.

“म्हणजे फ्लॅटमागे किती?” कुणीतरी विचारलं.

“एक लाख शहाऐंशी हजार दोनशे पन्नास.”

“मिळणार कधी?”

“मिळणार नाहीत. श्वासातून वळते झाले.”

“भाडेकरूंनी घेतलेल्या श्वासांचं काय?”

हा मुद्दा पुढच्या सभेवर ढकलण्यात आला. तो अजून तिथेच आहे.

खरा घोटाळा वयाने केला. सभेच्या आधी झाडाच्या वयाबद्दल सगळ्यांना अभिमान होता. चेअरमन शंभर म्हणत, काकू दीडशे म्हणत, आणि वॉचमन रात्री बारानंतर ‘शिवाजी महाराजांच्या वेळचं’ म्हणे. 1967 च्या कोयनेच्या भूकंपात अख्खी आळी याच उंबराखाली येऊन झोपली होती, हेही जुने लोक सांगत. मग सेक्रेटरींनी कायदा वाचून आणला. झाडं राखण्याचा नागरी भागांसाठीचा राज्याचा कायदा 1975 सालचा, म्हणजे आणीबाणीच्या वर्षातला. माणसांना तोंड उघडायची चोरी होती त्या वर्षी झाडांना संरक्षण मिळालं. त्यात 2021 साली दुरुस्ती झाली. पन्नास वर्षं आणि त्यापुढचं झाड ‘हेरिटेज’. ते तोडायचं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची. रोपं बोटभर नकोत, सहा ते आठ फूट उंचीची हवीत. आणि लावून फोटो काढून निघून जायचं नाही, सात वर्षं जगवायची.

त्या संध्याकाळपासून उंबर तरुण होऊ लागला. शंभराचा ऐंशी झाला, ऐंशीचा साठ. चेअरमनना आठवलं की ते राहायला आले तेव्हा तो ‘एवढासा’ होता. भूकंपात आळी झोपली होती ती बहुधा पलीकडच्या चिंचेखाली. काकूंच्या मते तर उंबराचं खोड दिसतं तेवढं जाड नाही, अंगात पाणी जास्त आहे. शेवटी एकोणपन्नासावर एकमत झालं.

मी घरी येऊन हिला म्हणालो, “पन्नाशीनंतर सरकार झाडाला हेरिटेज समजतं.”

“झाड सावली देतं,” ही म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं. “तुम्ही लिहिता ना? मग लिहा.” लेखकाला समाजात जो काही मान आहे तो असा फुकटच्या कामाच्या रूपानेच मिळतो. मी मन लावून अर्ज लिहिला. उंबराची सावली, पक्ष्यांची लगबग, आणि नाइलाजाने त्याला निरोप देण्याची वेळ कशी आली, असा चार पानी. महापालिकेच्या उद्यान खात्यातल्या कारकुनाने तो शेवटपर्यंत वाचला, हे कबूल केलं पाहिजे. तेवढी वाचक म्हणून निष्ठा माझ्या नातेवाइकांनी कधी दाखवलेली नाही. वाचून तो म्हणाला, “साहेब, फार सुंदर. पण यात झाड तोडायचं आहे की पुरस्कार द्यायचाय?”

“तोडायचंय.”

“मग अडचण लिहा. धोका लिहा. फोटोत झाड वाकडं दिसेल असं बघा.”

मी एका पानात धोका लिहिला. सेक्रेटरींनी मोबाइल तिरका धरून फोटो काढला. त्यात झाड सरळ आणि आमची इमारत वाकडी आली. कारकून म्हणाला, हा अर्ज बांधकाम खात्यात न्या.

अधिकारी पाहणीला आले. त्यांनी टेप काढून बुंध्याचा घेर मोजला, वहीत काहीतरी मांडलं आणि म्हणाले, “बासष्ट.” चेअरमन लगेच म्हणाले, “नाही हो साहेब, एकोणपन्नास!” स्थळ बघायला आलेल्या मंडळींसमोर बाप मुलीचं वय सांगतो तो स्वर त्यांच्या आवाजात होता. अधिकाऱ्यांनी वही मिटली. बासष्ट म्हणजे बासष्ट.

मग त्यांनी बुंध्यावर काठी आपटली. आवाज भोपळ्यावर आपटावं तसा आला. पुन्हा दुसऱ्या बाजूने आपटली. “आतून पोकळ आहे. बुरशी लागलीय. पुढच्या पावसाळ्यात रस्त्यावर येणार.” प्राध्यापकांनीही वाकून कान लावला आणि काही न बोलता मान हलवली. मला त्या क्षणी सगळ्यांचे चेहरे पाहून गंमत वाटली. झाड जाणार याचं दुःख कुणालाच झालं नाही, आणि खोटं कशाला बोला, आनंदही झाला नाही. सुटका झाली. झाड स्वतःच पोकळ निघालं होतं. आता पाप कुणाचंच नव्हतं.

कायद्याप्रमाणे झाडावर नोटीस डकवली गेली आणि हरकती मागवल्या. आमच्याच सोसायटीतून हरकतींचा ढीग जमला. तोडण्याच्या ठरावावर ज्यांनी सह्या केल्या होत्या, त्यांच्यातल्याच निम्म्या लोकांनी हरकत घेतली होती. गाडीवाल्या काकांनी तर सगळ्यांत आधी.

“काका, तुम्ही?”

“नोंद असलेली बरी. उद्या वर गेल्यावर विचारलं तर कागद दाखवता आला पाहिजे.”

अडचण एवढीच झाली की सगळ्यांना हरकती लिहून द्यायला मीच होतो. “तुम्ही लिहिता ना?” कारकुनाने गठ्ठा उलगडला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “साहेब, अर्जाचं अक्षर हेच, हरकतींचं अक्षर हेच. निकालही तुम्हीच लिहून आणताय का?” चौथ्या हरकतीतला पक्ष्यांचा परिच्छेद मात्र त्याला आवडला होता.

निकाल यायला वेळ लागला. मुंबईत आरे वसाहतीत 2019 च्या ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी दोन दिवसांत दोन हजारांवर झाडं आडवी झाली होती, याची आठवण काढून खजिनदार हळहळायचे. “आपल्याकडे एकच होतं, तिथे चुकलं. घाऊकवाल्यांचं काम सगळीकडे आधी होतं.”

परवानगी आली आणि तोडणारा शोधायला आम्ही बाहेर पडलो. पहिल्याने ‘उंबर’ ऐकून फोन ठेवला. दुसऱ्याने बाभूळ असेल तर कळवा म्हणून सांगितलं. तिसरा आला. कपाळाला बुक्का, खांद्यावर दोर. त्याने झाडाभोवती फेरी मारली, वर पाहून नमस्कार केला आणि दर सांगितला. “तोडायचे पंधरा हजार. ट्रॉलीचे तीन. आणि पापाचे वेगळे पडतील.”

“म्हणजे?” सेक्रेटरी.

“उंबर आहे साहेब. तुमच्या वाटणीचं आम्ही घ्यायचं म्हटल्यावर...”

“त्याचे किती?” खजिनदारांनी डायरी उघडली.

“उंबराचे पाच. वडाचे सात. पिंपळ आम्ही घेत नाही.”

“झाड पोकळ आहे. पोकळ झाडाचं पापही कमी धरायला हवं.”

चार हजारांवर तुटलं. खजिनदारांनी पावती मागितली. तो म्हणाला, तोडायची मिळेल. पापाचं रोखीत करतो, वर जीएसटी कशाला लावून घेता. हे चार हजार सोसायटीच्या हिशोबात ‘इतर किरकोळ खर्च’ या सदरात आहेत. यंदा लेखापरीक्षकाने त्यावर खूण केली आहे आणि खुलासा लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे.

मग मुहूर्त. भाद्रपदात पितृपक्ष निघाला, आश्विनात नवरात्र. दिवाळीच्या तोंडावर करवतीचा आवाज नको. मार्गशीर्षात खुद्द दत्तजयंती. त्या दिवशी काकूंनी त्याच उंबराखाली सुंठवडा वाटला आणि तोडण्याच्या समितीतल्या सर्वांनी रांगेत उभं राहून तो घेतला. ‘जाणारच आहे’ म्हणून लोक शेवटचं मागून घेऊ लागले. गोवर-कांजिण्यांवर थंड म्हणून मुळाशी खाचा पाडून उंबराचं पाणी काढायला माणसं बाटल्या घेऊन आली. त्यात बोलायला सगळ्यांत पुढे असलेले बी विंगवाले सगळ्यांत पुढे होते. थंडी सरली तेव्हा बुंध्याच्या ढोलीत पोपटांनी घर केलं. प्राध्यापक स्टूल टाकून तिथेच बसले. पिल्लं उडेपर्यंत मार्च गेला.

शेवटी एका शनिवारी कुऱ्हाड आली. संध्याकाळी त्या माणसाने ती बुंध्याला टेकवून ठेवली, नारळ फोडला आणि झाडाला सांगू लागला, “देवा, माझ्या मनात काही नाही. ह्या मंडळींनी सांगितलं म्हणून करतोय.” एवढं म्हणून तो आमच्याकडे वळला. “नावं सांगा.”

कुणाला अचानक फोन आला. कुणाच्या घरी दूध उतू गेलं. चेअरमननी सेक्रेटरींकडे पाहिलं, सेक्रेटरींनी माझ्याकडे. मी पंखा शोधला, पण वर आकाश होतं. तेव्हा खजिनदार पुढे झाले. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 प्रमाणे नोंदणी झालेली संस्था ही स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती असते, असं त्यांनी झाडाला हात जोडून सांगितलं आणि सोसायटीचा नोंदणी क्रमांक खणखणीत आवाजात वाचून दाखवला. वर जे काही खातं उघडलं जाईल ते त्या क्रमांकावर. इतक्या वर्षांत सहकारी चळवळीचा एवढा थेट फायदा मी कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी करवत चालू व्हायच्या वेळी लक्षात आलं की पांढरी गाडी झाडाखालीच आहे, काका महाबळेश्वरला आहेत आणि किल्ली काकांजवळ आहे. आठ माणसांनी ती गाडी इंच इंच उचलून बाजूला नेली. पहिली फांदी विजेच्या तारेवर गेली, दुसरी इंटरनेटच्या केबलवर. उंबर कोसळला तेव्हा खिडकीत चार डोकी दिसली होती. इंटरनेट गेलं तेव्हा चोवीसही बिऱ्हाडं खाली उतरली. “असं कसं तोडलं?” म्हणून जो आरडाओरडा झाला तो केबलबद्दल होता.

लाकडाला सरपणापलीकडे फारशी किंमत नसते, म्हणून त्याबद्दल भांडण होणार नाही असं वाटलं होतं. पण नवग्रहांत शुक्राची समिधा उंबराची. हे एका गुरुजींनी सांगितलं मात्र, ज्यांनी सभेला यायचं टाळलं होतं ते सगळे पिशव्या घेऊन आले. शुक्र सुखसमृद्धीचा ग्रह. पाप क्रमांकावर गेलं होतं, पुण्य रोखीत वाटलं गेलं.

बुंधा जमिनीपासून दोन फूट ठेवला होता, उरलेला मशीन आणून काढायचं ठरलं होतं. सोमवारी सकाळी त्यावर हळदकुंकू होतं. गुरुवारी दत्ताची तसबीर आली. पुढच्या पौर्णिमेला काकूंनी वाडीहून छोट्या पादुका आणल्या. आता तिथे चार फरशा आहेत, वर पत्र्याचं छप्पर आहे आणि एक दानपेटी आहे, जिची किल्ली खजिनदारांकडे आहे. ज्या गाडीसाठी हे सगळं झालं ती आता रस्त्यावर उन्हात उभी असते, कारण देवाला चिकटून गाडी लावायला काकांचा जीव धजत नाही. सीट तापते म्हणून ते ओला टॉवेल घेऊन खाली येतात. परवा त्यांनी सोसायटीकडे शेडसाठी अर्ज केला. माझ्याकडूनच लिहून घेतला.

पहिल्या मजल्यावर काकूंनी एसी बसवला आहे. डास पूर्वीइतकेच आहेत. वटवाघळं शेजारच्या सोसायटीतल्या जांभळावर गेली. त्या सोसायटीने पाठिंब्याचं पत्र मागे घेऊन आता तक्रारीचं पाठवलं आहे.

राहता राहिली रोपं. बासष्ट आली आहेत: कडुनिंब, करंज, बहावा, जांभूळ, आणि प्राध्यापकांच्या हट्टापायी पाच उंबर. सगळी सहा फुटांवर आहेत आणि सध्या जिन्यात, पायरीला एक अशी उभी आहेत. सोसायटीत खड्डा घ्यायला जागा नाही, कारण जागा असती तर तिथे गाडी असती. तरी ज्यांच्याकडे अंगण, बांध, शाळेचं मैदान किंवा नुसती इच्छा असेल त्यांनी येऊन हवी तेवढी रोपं घेऊन जावीत ही विनंती. सात वर्षं पाणी घालावं लागेल, दरवर्षी फोटो पाठवावा लागेल, टेम्पोचं भाडं ज्याचं त्याने द्यायचं आहे. उंबराची पाचही घेणाऱ्यास करंज दोन जास्त देऊ. अर्ज लिहायचा असल्यास मी लिहून देईन.